सरसाचा खडा, दुधाची पूड आणि पांढरा डबा: लाकडाचा गोंद किती दिवस टिकतो?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेलं पाल्हाळ थोडं छाटलं आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याला आता खरंच विषय संपले. विषय आहे गोंद. लाकडाचा गोंद. आणि त्यातही तो किती दिवस टिकतो, कसा ठेवायचा, एवढाच.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याने मेलवर विचारलं होतं, "घरी फर्निचरचं काम झालं, सुतार अर्धा डबा मागे ठेवून गेला, त्याला दोन वर्षं झाली. वापरू का फेकू?" त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटले. झाकण घट्ट असेल, गोंद सायीसारखा एकसारखा असेल, गुठळ्या नसतील, वास आंबट नसेल, तर भंगारातल्या दोन फळ्या चिकटवून बघा. एक दिवस थांबा आणि हातोडीने फोडा. लाकूड फाटलं आणि सांधा शाबूत राहिला, तर गोंद चांगला. सांधाच सुटला, तर डबा कचऱ्यात.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी इतिहास.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, सुतारकामातलं माझं ज्ञान वाचून आणि बघून आलेलं. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट रोज डोक्यात असते. कुठलाही डेटा तात्पुरता साठवला की त्याला एक मुदत द्यावी लागते. ती संपली की तो शिळा. गोंदाचं वाचायला लागलो तेव्हा कळलं की इथे एक नाही, तीन मुदती असतात. कोरडा माल कपाटात किती टिकतो, ही एक. कालवलेला गोंद भांड्यात किती वेळ चालतो, ही दुसरी. आणि सांधा किती वर्षं धरतो, ही तिसरी. गंमत अशी की या तिन्हींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. पहिलीत अमर असलेला गोंद दुसरीत तीन दिवसांत कुजतो. या तीन मुदतींची गल्लत झाली की काय होतं, ते पुढे विमानांच्या गोष्टीत येईलच.

सुरुवात इजिप्तपासून. थीब्जला रेखमिरे नावाच्या वजिराची कबर आहे. तिसऱ्या थुतमोसच्या काळातली, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर कारागिरांची चित्रं आहेत, सोनार, चांभार, सुतार सगळे. सुतारांच्या चित्रात विस्तवावर एक भांडं आहे आणि एक जण ब्रशने लाकडाला काहीतरी लावतोय. ते म्हणजे सरस. जनावरांचं कातडं, शिरा, हाडं उकळून काढलेला गोंद.

पण माझ्या दृष्टीने चित्रापेक्षा भारी पुरावा वेगळाच आहे. देर अल-बहरीला हत्शेपसुत राणीचं देऊळ आहे. त्याच्या वरच्या बाजूला खडकातल्या एका खोलीत हॉवर्ड कार्टरला, हो, तोच तुतनखामेनवाला, सरसाचा एक तुकडा सापडला. आल्फ्रेड लुकास या रसायनतज्ज्ञाने तो तपासला. तुकडा चौकोनी, साच्यात ओतून केलेला, वाळून आकसलेला. पण सरसाच्या नेहमीच्या सगळ्या चाचण्यांना तो उतरला, आणि आजच्या सरसापेक्षा तो दिसायलाही वेगळा नव्हता. साडेतीन हजार वर्षं! कुठल्या कंपनीची हिंमत आहे डब्यावर एवढी तारीख छापायची?

हे कसं जमलं? वाळवंटामुळे. सरस म्हणजे मुळात कोलॅजेन, आपल्या कातडीतलं आणि हाडांतलं प्रथिन. ते पाण्यात उकळलं की तुटून त्याचं जिलेटिन होतं. जिलेटिन कोरडं असेल तर जीवाणूंना त्यात काही करता येत नाही, कारण त्यांना पाणी लागतं. म्हणून वाळलेला सरस कोरड्या जागी जवळजवळ कितीही काळ राहतो. त्याला पाणी दाखवलंत की मात्र घड्याळ सुरू. भिजवलेला, शिजवलेला सरस म्हणजे शेवटी मटणाचा घट्ट रस्साच की! उन्हाळ्यात रस्सा बाहेर ठेवला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

सरस वापरायची पद्धत जगभर जवळपास सारखीच होती. कारागीर आदल्या रात्री खडे किंवा वड्या गार पाण्यात भिजत घालणार. सकाळपर्यंत त्या फुगून लिबलिबीत होतात. मग एका भांड्यात पाणी तापवायचं आणि त्या पाण्यात सरसाचं दुसरं भांडं ठेवायचं. थेट विस्तवावर सरस ठेवायचा नाही, कारण साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेला की त्याच्या लांब साखळ्या तुटायला लागतात. तसा गोंद दिसतो पातळ आणि छान, पण पकड गेलेली असते. रोज रोज तापवलेला सरसही असाच हळूहळू मरतो. म्हणजे भांड्यातल्या सरसाला दोन शत्रू: गार ठेवला तर जीवाणू, तापत ठेवला तर उष्णता. शहाणा कारागीर त्या दिवसापुरताच सरस करायचा.

बनवणाऱ्यांचीही तीच कटकट. इटलीतला चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने १४०० च्या आसपास कारागिरीचं एक पुस्तक लिहिलं. बकरीचं कातडं, पाय, शिरा यांपासून गोंद करायचा तो जानेवारीत किंवा मार्चमध्येच, थंडी आणि वारा असताना, असं त्यात बजावलंय. यात अंधश्रद्धा काही नाही. उकळून काढलेला रस थिजला की त्याचे काप करून वाळवायचे असतात. हवा गरम असेल तर ते वाळायच्या आधी कुजतात, नाहीतर पुन्हा वितळतात. थोडक्यात, माल टिकाऊ होतो की नाही हे ठरायचं तो वाळायच्या त्या चार-सहा दिवसांत. आपल्याकडे पापड-कुरडया उन्हाळ्यात घालतात, पावसाळ्यात नाही, त्यातलाच हा प्रकार. फक्त ऋतू उलटा.

शब्दाबद्दल थोडं. 'सरस' आपल्याकडे फारसीतून आला असं मानतात, तिकडे 'सरेश' किंवा 'सिरीश' म्हणतात. मराठीत चिकट पदार्थांसाठी शब्दही नेमके आहेत. झाडाचा तो डिंक, पिठाची ती खळ, जनावराचा तो सरस. 'गोंद' हा शब्द हल्ली सगळ्यांच्या वर बसलाय. मीही वापरतोय, हरकत नाही. पण वस्तू वेगळ्या होत्या आणि टिकायच्याही वेगवेगळ्या, हे त्या जुन्या शब्दांतून कळायचं.

तिसऱ्या मुदतीचं, म्हणजे सांध्याच्या आयुष्याचं, भारतीय उदाहरण वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. सहाव्या शतकातला हा ग्रंथ. त्यात वज्रलेपावर एक छोटासा अध्यायच आहे. कच्ची टेंभुर्णीची फळं, कवठ, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून अष्टमांश उरवायचं, त्यात राळ आणि इतर चिकट द्रव्यं घालायची आणि गरम असतानाच देवळाला, मूर्तीला, भिंतीला लावायचं. आणखी एका कृतीत गाय, म्हैस, बोकड यांची शिंगं आणि म्हशीचं कातडं येतं, म्हणजे ती सरसाच्याच कुळातली. आणि टिकाऊपणाचा दावा? एक कोटी वर्षं. हा दावा शब्दशः घेऊ नये हे उघड आहे. पण मला त्यातली 'गरम असतानाच' ही अट महत्त्वाची वाटते. ग्रंथकाराने लेपाला कोटी वर्षं दिली, भांड्यातल्या मिश्रणाला एकही दिवस दिला नाही. करा आणि लगेच लावा. हिशेब बरोबर होता.

सरसाचा एक गुण, ज्याला आपण हल्ली दोष म्हणू, तो म्हणजे त्याचा सांधा पुन्हा उकलता येतो. थोडी ऊब, थोडं पाणी, आणि बोथट सुरी. व्हायोलिनचं पोट दुरुस्तीला उघडावं लागतं, म्हणून ते आजही सरसानेच चिकटवतात. सरस संपला नाही तो याच कारणाने.

बाटलीतून थेट काढून लावायचा गोंद फार उशिरा आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ल पेज नावाच्या माणसाने माशांच्या कातड्याचा गोंद बाजारात आणला. माशाचं जिलेटिन, विशेषतः थंड पाण्यातल्या माशाचं, खोलीच्या तापमानाला थिजत नाही. थंड पाण्यात राहणाऱ्या प्राण्याचं कोलॅजेन कमी तापमानाला सैल होतं, एवढंच कारण. मग चूल नको, भांड्यात भांडं नको. पण तो ओला असल्यामुळे कुजणार, म्हणून त्यात जंतुनाशक आलं. थोडक्यात, सोय आली तिच्याबरोबर 'अमुक दिवसांत वापरा' ही भानगडही आली.

आता दूध. होय, दुधाचा गोंद. चीज किंवा नासवलेल्या दुधातलं केसिन घ्यायचं आणि त्यात चुना मिसळायचा. बाराव्या शतकातल्या थिओफिलसच्या ग्रंथात ही कृती आहे, चेन्निनीकडेही आहे. चुन्यामुळे केसिन विरघळतं, लगदा होतो, आणि मग तो काही तासांत असा घट्ट होतो की पुन्हा पातळ होत नाही. सरसासारखं तापवून परत सुरुवात करणं नाही. भांड्यात उरलं ते गेलं. पण सांधा पाण्याला सरसापेक्षा बराच जास्त दाद देत नाही, आणि लावताना चूल लागत नाही.

पहिल्या महायुद्धात विमानं लाकडाची होती, त्यामुळे केसिनला एकदम भाव आला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने, ही १९१० मध्ये सुरू झालेली सरकारी संस्था, पाण्यात टिकणाऱ्या गोंदांवर भरपूर काम केलं. कोरडी पूड पिंपात, कारखान्यात पाणी घालून कालवायची आणि पाळी संपायच्या आत संपवायची, अशी शिस्त लागली.

आणि आता मॉस्किटो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यात आपला देश आहे आणि माणसं मेली आहेत.

डी हॅविलँड कंपनीचं मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं लाकडी विमान. २५ नोव्हेंबर १९४० ला पहिल्यांदा उडालं. बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, अशा सँडविचचं अंग. दोन अर्धी अंगं साच्यावर वेगवेगळी करायची आणि मग कलिंगडाच्या फाका जोडाव्यात तशी जोडायची. फर्निचर बनवणारे कारखाने आणि कारागीर या कामाला लागले. युद्ध संपून पुढेपर्यंत मिळून ७,७८१ विमानं तयार झाली. सुरुवातीला गोंद केसिनचा होता. नंतर यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम गोंद आला. केंब्रिजजवळ डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन याने १९३७ मध्ये 'एरोलाइट' काढला होता, त्याच जातीचा. यात गोंद एका पृष्ठभागाला लावायचा आणि आम्लाचा हार्डनर दुसऱ्याला. दोन्ही भेटले की घट्ट. म्हणजे भांड्यात मुदत चालूच होत नाही. इंजिनिअर म्हणून मला ही युक्ती फार आवडते: घड्याळ सुरू करणारी गोष्टच वेगळी ठेवायची.

१९४४ च्या शरद ऋतूत भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॉस्किटो पडायला लागली. हवेत असतानाच पंखांचा वरचा पत्रा, म्हणजे प्लायचं कातडं, मुख्य तुळईपासून सुटतंय अशी शंका आली. नोव्हेंबरमध्ये विमानं जमिनीवर उभी करून तपासणी झाली. पहिला संशय अर्थातच गोंदावर. केसिन म्हणजे दुधाचं प्रथिन, दमट हवेत त्याला बुरशी लागते, कडक उन्हात ते तडकतं, आणि इथे तर दोन्ही: मे महिन्याचं ऊन आणि वरून मान्सून. कोणालाही पटेल असं स्पष्टीकरण.

चौकशीला मेजर हेरवर्ड डी हॅविलँड भारतात आले. आडनावावरून ओळखलंच असेल, कंपनीच्या संस्थापकाचे भाऊ. डिसेंबर १९४४ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला: गोंद खराब झाला नाही, पण पावसाळ्यात सांगाडा आकसल्यामुळे अपघात झाले. गोंद सुटला, कारखाना सुटला, सापडलं ते हवामान.

नंतरच्या चौकशीचा निष्कर्ष मात्र वेगळा होता: दोष बांधणीतलाच. विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने इंग्लंडमध्ये डेफर्डला मॉस्किटो तपासली. त्यांना सहा वेगवेगळ्या प्रकारच्या मॉस्किटोंमध्ये तसेच दोष दिसले. सगळी विमानं कंपनीच्या हॅटफील्ड आणि लीव्ह्स्डेन या कारखान्यांतली. आणि मुद्दा असा की यातल्या एकाही विमानाने मान्सून पाहिलेला नव्हता! ज्या ठिकाणी दोन लाकडं नीट भिडून गोंद बसायला हवा, तिथलं चिकटवण्याचं कामच कच्चं होतं. तरीही हवाई मंत्रालयाने बाहेर सांगताना 'मुख्यतः हवामान' हाच पहिला निष्कर्ष धरून ठेवला, म्हणजे वैमानिकांचा विमानावरचा विश्वास उडू नये. दुरुस्ती म्हणून पंखाच्या सांध्यावरून प्लायची एक पट्टी बसवली, पाणी आत जाऊ नये म्हणून.

मला यातलं सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू? केसिनला दमटपणा सोसत नाही हे खरं आहे. त्यामुळेच तो बहाणा चालला. अर्धं खरं असलेलं कारण समोर असताना कोणी सांधा उचकटून बघत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही 'सर्व्हरवर लोड जास्त होता' असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं. लोड असतोच. पण आमच्याकडे फार तर एखादं पान उघडत नाही. मॉस्किटोत दोन माणसं बसायची.

त्याच वर्षी जर्मनीत याच्या उलट घडलं, तिथे खरंच गोंदच गुन्हेगार निघाला. मॉस्किटोला उत्तर म्हणून फोके-वुल्फने टीए १५४ हे लाकडी विमान केलं होतं. त्यासाठी टेगो-फिल्म वापरायची. फिनॉल रेझिनचा हा कागदासारखा कोरडा पापुद्रा. दोन प्लायच्या मध्ये ठेवा, गरम दाबा, झालं. पाणी नाही, कालवणं नाही, साठवायला सोपा. पण वुप्पर्टालमधला त्याचा कारखाना ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात गेला. घाईत दुसऱ्याकडून गोंद घेतला, तो इतका आम्लधर्मी होता की सांध्याशेजारचं लाकूडच खाऊ लागला. विमानं तुटली आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

युद्धानंतर पांढरा गोंद आला. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, सगळे पीव्हीए म्हणतात तो. याचं मूळ जर्मन रसायनतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाटे याच्या पहिल्या महायुद्धाआधीच्या कामात आहे, पण लाकडासाठी तो घरोघर पोचला १९५० च्या आसपास. अमेरिकेत बॉर्डन नावाची दूधवाली कंपनी होती. तिने १९२९ मध्ये केसिनचा गोंद करणारी कंपनी विकत घेतली, दुधाचा जोडधंदा म्हणून. त्याच शाखेने १९४७ मध्ये पीव्हीए काढला आणि १९५१ मध्ये त्याला एल्मर हे नाव दिलं. एल्मर म्हणजे बैल, कंपनीच्या जाहिरातीतल्या एल्सी गाईचा नवरा. जनावराचा एक कणही नसलेल्या गोंदाच्या बाटलीवर बैलाचं तोंड! हजारो वर्षांचा सरस असा लेबलवर उरला.

आपल्याकडे हे काम केलं फेविकॉलने, १९५९ मध्ये, मुंबईत. बळवंतराय पारेख मूळचे गुजरातमधल्या महुव्याचे. मुंबईत कायदा शिकले पण वकिली केली नाही. छपाई-रंगाईच्या कारखान्यात काम केलं, एका लाकूड व्यापाऱ्याच्या ऑफिसात शिपाई म्हणूनही राहिले. सुतार सरसाशी कशी झटापट करतात ते त्यांनी तिथे जवळून पाहिलं असणार, असा माझा तर्क. नावातला 'कॉल' जर्मन वळणाचा आहे, मोव्हिकॉल नावाचं तसंच एक जर्मन उत्पादन आधी होतं. कंपनीने माल स्टेशनरीच्या दुकानांवर न सोडता थेट सुतारांकडे नेला, हे तिच्या यशाचं कारण म्हणून नेहमी सांगितलं जातं. जाहिराती आपल्याला पाठ आहेत, त्या सोडू.

मला वाटतं, सुताराला पटलं ते हत्तींमुळे नाही. सकाळ वाचली म्हणून पटलं. रात्री भिजत घालणं नाही, चूल नाही, त्या वासाबद्दल घरमालकिणीची बोलणी नाहीत. घाईघाईत सांधा थिजायच्या आत जुळवणं नाही. पाहिजे तेवढा डब्यातून काढा, झाकण लावा, उद्या परत. भांड्यातल्या मुदतीची कटकट कंपनीने स्वतःकडे घेतली आणि डब्यात बंद करून दिली. त्या बदल्यात कपाटातली मुदत मात्र घटली. सरसाचा खडा आजोबांकडून नातवाकडे जाऊ शकत होता. पांढऱ्या गोंदाला कंपन्या साधारण एक ते दोन वर्षं देतात. भारतीय मानक संस्थेकडे दोन्हींची मानकं आहेत, जनावराच्या सरसाचं आयएस ८५२ आणि पीव्हीएचं आयएस ४८३५.

डब्यात नेमकं काय बिघडतं, तेही सांगतो. पांढरा गोंद हा दुधासारखाच असतो: पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म गोळे, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वरून पातळ आवरण. लाकडाने पाणी शोषलं की गोळे जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि पारदर्शक पापुद्रा होतो. हेच जर डब्यात झालं, म्हणजे झाकण सैल राहून पाणी उडालं, तर वर साय येते आणि खाली गुठळ्या. वरून पाणी ओतून ते गोळे परत सुटे होत नाहीत. फाटलेलं दूध ढवळून सुधारत नाही, तसंच. गोठवणारी थंडी पडली तर बर्फाचे कण गोळ्यांना एकमेकांवर दाबतात आणि तोच प्रकार होतो. महाराष्ट्रात ती भीती जवळपास नाही, पण लेह किंवा शिकागोतले श्रोते आहेत म्हणून सांगितलं. थंडीचा आणखी एक त्रास: फार गारठ्यात लावलेला गोंद पारदर्शक न होता खडूसारखा पांढरा वाळतो. त्याचा अर्थ गोळे नीट मिसळलेच नाहीत आणि सांधा कच्चा.

आपल्याकडचा खरा शत्रू उष्णता. गरम जागी पीव्हीएचं हळूहळू विघटन होतं आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं, म्हणजे व्हिनेगरचाच घटक. आंबट वास आला की समजायचं. हेच आम्ल लोखंडाला लागलं की गंज येतो आणि गोंद काळपट होतो, आणि टॅनिन असलेल्या लाकडावर तो लावला की सांध्याजवळ काळे डाग पडतात. म्हणून डबे प्लॅस्टिकचे असतात. दुसरा शत्रू आपण स्वतः. भुशाने भरलेला ओला ब्रश परत मूळ डब्यात बुचकळला की बुरशी आणि जीवाणू आत. कंपनी जंतुनाशक घालते, पण ते थोडंच असतं. काम असेल तेवढा वाटीत काढायचा आणि उरलेला परत डब्यात ओतायचा नाही.

'थंड आणि कोरड्या जागी ठेवा' असं डब्यावर लिहिलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूरला पत्र्याच्या छपराखालचं हार्डवेअरचं दुकान डोळ्यासमोर आणा. तिथे थंड जागा म्हणजे कुठली? म्हणून दुकानातून घेताना उत्पादनाचा महिना-वर्ष बघा, तो छापणं पाकिटबंद मालावर बंधनकारक आहे. आणि शक्यतो वरच्या फळीवरचा, उन्हाच्या बाजूचा डबा घेऊ नका. घरी आणल्यावर माळ्यावर नाही, गच्चीवरच्या खोलीत नाही. सिंकखालचं कपाट चालेल, गळती नसेल तर. कोकणात उलट प्रश्न. पीव्हीएच्या बंद डब्याला दमट हवेचं काही नाही, पण यूरिया रेझिनची किंवा केसिनची पूड आणली असेल तर ती पावसाळ्यात पाणी ओढते, गोळा होते आणि वापरायच्या आधीच संपते. ती हवाबंद बरणीत, आणि शक्यतो एका पावसाळ्याच्या पलीकडे नाही.

सरसाचे खडे मात्र कोणी जुना वाद्यं दुरुस्त करणारा भेटला तर मागून बघा. कोरड्या डब्यात असतील तर किती वर्षांचे आहेत हे त्यालाही सांगता येणार नाही. एक खडा रात्री पाण्यात टाका. सकाळी फुगलेला असेल.

पुढच्या भागात खिळे. तोपर्यंत नमस्कार.